गळ, मासा आणि कंटाळा

संपादक मंडळाने यंदा लेख मागताना एक अट घातली. "सर, मानसशास्त्रावरच लिहा, पण परीक्षेला येणार नाही असे काहीतरी लिहा." अट मला आवडली. परीक्षेला न येणारी, पण गेली दोन वर्षे माझ्या डोक्यातून न जाणारी एक गोष्ट माझ्यापाशी होतीच. ती माशांची आहे. शाकाहारी वाचकांनी पान उलटण्याची घाई करू नये. लेखात मासे पुष्कळ असले, तरी विषय माशांचा नाही, माणसाचा आहे.

माझे धाकटे मामा कर्ली खाडीच्या काठी राहतात. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. उभा जन्म त्यांनी पोस्टात नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी खाडीवर गरवले. 'गरवणे' हा शब्द घाटावरच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसेल. गरी म्हणजे गळ, आणि गरी टाकून मासे धरणे म्हणजे गरवणे. मामांजवळ काठी नव्हती, चक्री नव्हती. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, टोकाला गरी, तिच्यावर शिशाची गोळी आणि आमिषाला जिवंत कोळंबी, एवढाच सरंजाम. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि बोटावर सारे लक्ष ठेवून बसायचे. खेकडा आमिष कुरतडू लागला, तर बोटाला बारीक, सतत किरकिर जाणवते. लहान मासे टकटक करतात. तांबोशी मात्र आधी काहीच करीत नाही. मग एकदम असा हिसका देते की बेसावध माणसाचे बोट कापावे. हे सारे मी आठव्या-नवव्या वर्षी मामांच्या शेजारी खडकावर बसून शिकलो. शिकलो असे म्हणायचे एवढेच, कारण त्यांना जे बोटाने कळे ते मला कधीच पुरते कळले नाही.

त्यातला हिशेबही मोठा होता. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हे कोकणातल्या पोरासोरांना माहीत असते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पण भरतीची वेळ कळली म्हणून मासा कळत नाही. पाणी गढूळ आहे की निवळ, वारा कुठला, उधाण आहे की भांग, कोळंबी कुठून आणली, या सगळ्यांचा मेळ घालून मामा आज कुठल्या खडकावर बसायचे ते ठरवीत. आणि एवढे करून पुष्कळदा रिकाम्या हाताने परत येत. तेव्हा मामींना सांगण्याचे त्यांचे वाक्य ठरलेले असे : "आज गावलो नाय, तर फाल्या गावतलो." फाल्या म्हणजे उद्या. अशा किती उद्या मी त्या घरी पाहिल्या त्याची गणती नाही.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी मामांचे खडकावर जाणे बंद केले. त्यांचे ते नुसते ओटीवर बसणे मला बघवेना. कुडाळजवळ माझ्या एका स्नेह्याचे शेततळे आहे. त्यात त्याने रूपचंद आणि तिलापिया पाळले आहेत. काठ सपाट, मोटार थेट पाण्यापर्यंत जाते, वर आंब्याची सावली. मी मामांना न सांगता सगळी व्यवस्था केली. खुर्ची नेली, नवा तंगूस नेला, कणकेच्या गोळ्या नेल्या. लहानपणाचे ऋण फेडण्याची वेळ आली असे मला मनातून वाटत होते हेही कबूल करतो.

मामांनी पहिली गरी टाकली आणि मिनिटाच्या आत हातभर तंगूस ताणला गेला. चांगला अर्ध्या किलोचा रूपचंद. मी टाळी वाजवली. मामाही हसले. दुसरी गरी, दुसरा मासा. तिसऱ्या वेळी ते हसले नाहीत. अर्ध्या तासात नऊ मासे झाले. आठव्या माशानंतर त्यांनी मुद्दाम आमिष लावले नाही, नुसती चकचकीत गरी पाण्यात सोडली. तिलाही मासा लागला. मामांनी तो सोडवला, पाण्यात परत टाकला, तंगूस लाकडाला नीट गुंडाळला आणि म्हणाले, "चल, घराक जावया."

मी विचारले, "का मामा, बरे वाटत नाही?"

ते म्हणाले, "हे मासे गावले नाय रे. हे पानात वाढले."

गाडीत मी गप्प होतो. खरे सांगायचे तर मला राग आला होता. एवढा खटाटोप केला, आणि म्हाताऱ्याला त्याचे काहीच नाही! उभ्या जन्मात अर्ध्या तासात नऊ मासे त्यांना कधी मिळाले नव्हते. मग माणसाला हवे होते तेच भरपूर मिळाले असता त्याने तोंड का फिरवावे? मानसशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर शोधू नये, तर कोणी शोधावे? म्हणून पुस्तके काढली.

सर्वप्रथम सुचते ते उत्तर टंचाईचे. दुर्मिळ त्याला मोल, मुबलक ते मातीमोल. हे उत्तर कोकणात टिकत नाही. जूनमध्ये पहिला दणक्याचा पाऊस होऊन ओढे-व्हाळ दुथडी वाहू लागले की मासे अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने शेतापर्यंत चढतात. हे चढणीचे मासे. त्या रात्री कंदील-बॅटऱ्या घेऊन सारा गाव भिजत शेतात असतो. मासे टोपलीने, फडक्याने, हातांनीसुद्धा धरता येतात. याहून सोपी मासेमारी नाही. (अंड्यांवर आलेले मासे असे सरसकट मारल्याने पुढच्या वर्षीचे बीजच जाते हे खरे आहे, आणि ते आता गावोगाव बोलले जाऊ लागले आहे. पण तो वेगळा लेख होईल.) मुद्दा असा की त्या रात्री कंटाळलेला माणूस मी एकही पाहिलेला नाही, आणि मामा तर सर्वांच्या पुढे असत. तेव्हा पुष्कळ मिळणे हा काही कंटाळ्याचा उगम नव्हे. चढण अमुक रात्री होईल असे कुणी सांगू शकत नाही. आभाळाकडे बघत, व्हाळाचा आवाज ऐकत अंदाज बांधावा लागतो, आणि तो चुकतो. पुष्कळ आणि सोपे या दोन गोष्टी आपण बोलण्यात एक करतो, पण त्या एक नव्हेत.

मग असे दिसले की मासा सोपा झाला की तो पुन्हा अवघड करून घेण्याची खोड जगातल्या गळवाल्यांना फार जुनी आहे. यात इंग्रजांनी तर कमाल केली. दक्षिण इंग्लंडमध्ये हँपशर परगण्यात टेस्ट आणि इचेन या नद्या आहेत. चुनखडीच्या जमिनीतून झिरपलेल्या पाण्यावर त्या वाहतात, त्यामुळे पाणी काचेसारखे स्वच्छ. त्यात ट्राउट मासा माणसाला दिसतो आणि माणूस ट्राउटला दिसतो. हे मासे पृष्ठभागावर उतरलेल्या माशा टिपतात, म्हणून पिसे आणि रेशीम गळावर बांधून खोटी माशी तयार करतात. फ्रेडरिक हॅलफर्ड या गृहस्थाने १८८६ साली अशा तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिले, आणि पुढे त्याच्या अनुयायांनी त्याचे धर्मशास्त्र करून टाकले. माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे. ती प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच फेकली पाहिजे. आणि पाण्यावर येऊन माशी खाताना जो मासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याच्यावरच ती फेकावी. बाकी वेळ काठावर बसून राहावे! गांडूळ लावणे हे तर त्या नद्यांवर जवळजवळ दुर्वर्तनात जमा होते.

याच नदीवर जी. ई. एम. स्क्यूज नावाचे एक वकील पन्नासहून अधिक वर्षे गळ टाकीत होते. त्यांनी माशांची पोटे तपासून पाहिली आणि त्यांच्या ध्यानात आले की ट्राउट आपले बरेचसे खाणे पाण्याखालीच, माशी व्हायच्या आधीच्या अळ्या खाऊन उरकतो. मग तशी बुडती माशी का वापरू नये? १९१० साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले. केवढा गहजब झाला! १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादविवाद भरला, आणि त्याच वर्षी बरोबरीच्या सभासदांशी न पटल्याने या वृद्ध माणसाने आपली आवडती नदी सोडली. कुणाला यात नुसता साहेबी हट्ट दिसेल. तो होताच. पण जे मासे बहुधा परत सोडायचे किंवा मित्रांना वाटायचे, ते धरण्याच्या नियमावरून सुशिक्षित माणसे आयुष्याच्या अखेरीपर्यंत भांडतात, तेव्हा त्यांना नेमके काय गमवायची भीती वाटत होती हे विचारावेसे वाटते.

विशेष असे की ज्या स्क्यूजवर मासेमारी सोपी केल्याचा आरोप होता, त्यांनीच सोप्या मासेमारीवरची प्रसिद्ध कथा लिहिली. तिचा नायक, श्रीमान कॅस्टवेल, मरतो आणि एका रम्य नदीकाठी पोहोचतो. उत्तम काठी, उत्तम माश्या, सेवेला माणूस. पहिल्याच फेकीला झकास ट्राउट. दुसऱ्या फेकीला तसाच. तिसऱ्याला तसाच, जवळपास त्याच वजनाचा. जागा बदलावी म्हणतो, तर बदलता येत नाही. थांबावे म्हणतो, तर समोर लगेच दुसरा मासा हजर, आणि थांबण्याची परवानगी नाही. स्वर्गात आलो असे समजणाऱ्या कॅस्टवेलला आपण कुठे आलो आहोत ते हळूहळू उमगते. ही कथा वाचली तेव्हा मला आंब्याच्या सावलीतली ती खुर्ची आठवली आणि माझे मलाच हसू आले. सद्भावनेने मी मामांना थेट नरकात नेऊन बसवले होते!

याहून अलीकडचे उदाहरण कार्प माशाचे. आपल्याकडे तळ्यात सायप्रिनस म्हणून जो सोडतात तोच हा. इंग्लंडमध्ये १९५० पर्यंत मोठा कार्प गळाला लागणे जवळजवळ अशक्य मानीत. तो आमिष तोंडात ओढतो, चाचपतो, संशय आला की फुंकून टाकतो. सप्टेंबर १९५२ मध्ये हेरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात रिचर्ड वॉकर यांनी ४४ पौंडांचा कार्प धरला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला आणि तिथे पुढे कितीतरी वर्षे लोक त्याच्या दर्शनाला जात होते. मग १९८० च्या सुमारास एक साधी युक्ती निघाली. आमिष गळावर न टोचता, गळाला बांधलेल्या केसाएवढ्या धाग्यावर लोंबते ठेवायचे. मासा आमिष निःशंकपणे ओढतो, उघडा गळ मागोमाग आत जातो आणि फुंकताना रुततो. माशाच्या संशयीपणाचाच फासा झाला. कार्प हजारोंना मिळू लागले, त्यांच्यासाठी गच्च भरलेली व्यापारी तळी निघाली. आणि मग काही जाणत्या मंडळींनी काय केले असेल? नव्या काठ्या आणि घंट्या ठेवून देऊन पुन्हा बांबूच्या चिरफळ्यांच्या जुन्या काठ्या आणि पिसांचे तरंगे बाहेर काढले. १९८० साली त्याच तळ्यात ५१ पौंडांवर कार्प धरणारे ख्रिस येट्स हे या जुन्या वळणाच्या लोकांचे लाडके लेखक झाले. आता अमेरिकेत पाण्याखालचा मासा पडद्यावर हलताना दाखवणारी यंत्रे आली आहेत, आणि अलीकडच्या वर्षांत तिथल्या बास माशाच्या मोठ्या स्पर्धांनी त्यांच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. वाद तोच, हॅलफर्डच्या जागी पडदा.

आता आमच्या शास्त्राकडे वळतो. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्किनरची कबुतरे ठाऊक असतीलच. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात दाखवले की प्रत्येक टोचीला दाणा मिळणाऱ्या कबुतरापेक्षा, केव्हा मिळेल याचा नेम नसलेले कबुतर कितीतरी चिकाटीने टोचत राहते. दाणा बंद केल्यावरही ते लवकर थांबत नाही. मटक्याचा नाद असाच लागतो, आणि "फाल्या गावतलो" याच्या मुळाशी थोडे हेही असणार. त्यापुढचे काम वुल्फ्राम शुल्ट्झ यांचे. माकडांना फळांचा रस देऊन त्यांच्या मेंदूतल्या डोपामीन पेशींची नोंद त्यांनी घेतली. रस अनपेक्षित मिळाला की त्या पेशी जोरात चेततात. पण दिवा लागला की रस मिळणारच हे माकडाला पाठ झाले म्हणजे दिव्याला त्या चेततात, प्रत्यक्ष रसाला ढिम्म! १९९७ साली हे सारे एका सिद्धांतात मांडले गेले. त्याचा ढोबळ अर्थ असा की या पेशी बक्षिसाचे माप सांगत नाहीत, अपेक्षेत आणि मिळण्यात किती फरक पडला ते सांगतात. शेततळ्यात तिसऱ्या माशापासून तो फरक शून्य झाला होता. मामांच्या चेहऱ्यावरचे हसू नेमके तिसऱ्या माशालाच मावळले, ते मी पाहिले होते.

एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती, पण मला ते पुरे वाटत नाही. कबुतराला दाणा नेमाने मिळू लागला तर ते पोट भरेपर्यंत खाईल आणि गप्प बसेल. 'मी आता डावा डोळा मिटून टोचीन' असा नियम ते स्वतःला घालून घेणार नाही. माणूस घालून घेतो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या आपल्या पुस्तकात खेळ कशाला म्हणावे याचे उत्तर असे दिले की, ज्यांची काही गरज नाही अशा अडचणी आपखुशीने पत्करून त्या ओलांडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे खेळ. भोक भरायचेच असेल तर गोल्फचा चेंडू हाताने नेऊन टाकता येतो. पण मग तो गोल्फ नव्हे. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, हॉब्सन ब्रायन यांनी अमेरिकेतल्या ट्राउट धरणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवख्याला काहीही करून एक मासा हवा असतो. मग पुष्कळ हवे असतात. त्यापुढे अमुक साधनानेच, आणि सरतेशेवटी अमुक प्रकारच्या पाण्यातच धरलेला मासा तेवढा खरा वाटू लागतो, संख्येचे महत्त्व ओसरते. माणूस जसा मुरत जातो तशा त्याच्या अटी वाढतात.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. हे सगळे भरल्या पोटाचे चोचले आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांना विचारा. जाळ्याच्या दोन दोऱ्यांना दोन बाजूंनी पंचवीस-तीस माणसे लागतात, तास-दोन तास ओढतात, आणि बांगड्यांनी गच्च भरलेले जाळे वाळूवर आले तर कुणीही 'फारच सोपे झाले बुवा' म्हणत नाही. म्हणेल कसा? त्या जाळ्यात घरचा तांदूळ आणि मुलाची फी असते. रापणकराचा मासा हे साध्य असते, गरवणाऱ्याचा मासा हे उत्तर असते. मामांना पोस्टाचा पगार होता, पुढे पेन्शन होती. त्यांनी खाडीला विचारलेला प्रश्न पोटाचा नव्हता. हा भेद मला आधी कळायला हवा होता. मी त्यांना रापणकराचे सुख देऊ केले, जे त्यांनी कधी मागितलेच नव्हते.

मग तो प्रश्न कसला? मला वाटते, ती आमिषावाचूनची गरी हेच त्याचे स्पष्टीकरण आहे. मामांनी ती उगाच टाकली नाही. आपण काही चूक केली तर फरक पडतो का, हे ते पाहत होते. पडला नाही. तिथी कुठलीही असो, कोळंबी असो की कणीक, आमिष असो वा नसो, मासा लागणारच होता. म्हणजे साठ वर्षांत बोटाला जे कळू लागले होते ते त्या पाण्यात कुणालाच नको होते. कुणीही बसले असते तरी चालले असते. शुल्ट्झच्या माकडालाही तसेच वाटत असेल का ते सांगता येत नाही. पण आपल्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही हे कळल्यावर माणसाला जे होते, त्याला आपण दुसरा शब्द नाही म्हणून कंटाळा म्हणतो. आणि ओटीवर बसून राहिलेल्या म्हाताऱ्याला तेच अर्धा तास नऊ वेळा सांगण्याची व्यवस्था मी केली होती.

उलट टोकही आहेच. महिनोन्महिने बोटाला काहीच लागले नाही तर तोही माणूस उठून जातो. नेमक्या कुठल्या बिंदूवर अवघडपणा गोड लागतो याचे आलेख पुस्तकांत आहेत. ते इथे काढीत नाही.

त्या दिवशी घरी परतताना वाटेत बराच वेळ मामा बोलले नाहीत. पूल ओलांडताना खाली खाडी दिसली तशी त्यांनी विचारले, "फाल्या तिथ कसली रे?"

मी म्हणालो, "नवमी."

"म्हंजे भरती पावणेसाताक," ते म्हणाले. "पाचाक उठव."

खडक शक्य नव्हता. पण गावच्या होड्या लागतात त्या धक्क्यापर्यंत दोघांनी धरून नेले तर ते चालू शकत होते. पहाटे पाचला शेजारचा मुलगा आणि मी त्यांना घेऊन गेलो. तीच खुर्ची, जुना तंगूस. कोळंबी त्यांनी रात्रीच कुणाला तरी सांगून ठेवली होती. तिथे होड्यांची वर्दळ असते, जागा काही चांगली नाही, हे त्यांनीच मला तीनदा सांगितले. साडेसातपर्यंत बसलो. एकदा किरकिर झाली. "कुर्ली," मामा म्हणाले, आणि कोळंबी अर्धी खाल्लेली वर आली. मग पाऊण तास काही नाही. मग दोनदा मोठा हिसका बसला आणि दोन्ही वेळा सुटला. दुसऱ्या वेळी तर्जनीला रक्त आले. शेवटी तळहाताएवढे एक काळुंद्र मिळाले.

मामींनी ते तळले. शेततळ्यातले आठ रूपचंद आदल्या रात्रीच शेजारीपाजारी वाटून टाकले होते. त्यांचे नाव जेवताना कुणी काढले नाही. सुटलेल्या दोन माशांची हकिगत मात्र मामांनी मामींना दोनदा सांगितली, आणि दुपारी पेपर टाकायला आलेल्या मुलाला तिसऱ्यांदा.